चित्रकलेच्या तासाला मराठीचे वळण

सीमाप्रश्नाची चर्चा निघाली की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चे, खटले, आयोग आणि रस्त्यावरचे फलक उभे राहतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणीचा हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या तारखा आपल्याकडे चावडीवर बसणाऱ्या माणसालाही तोंडपाठ आहेत. शाळेच्या वेळापत्रकातील एक तास मात्र या चर्चेत कधीच येत नाही. तो म्हणजे चित्रकलेचा तास. आठवड्यातून एखाददुसरा, तोही बहुधा मधल्या सुट्टीनंतरचा. गणिताचा पाठ मागे पडला तर सर्वांत आधी बळी जाणारा!

आमचे म्हणणे असे, की सहावी-सातवीच्या मुलाची मराठी किती पक्की आहे हे पाहायचे असेल तर त्याची प्रश्नपत्रिका बाजूला ठेवावी आणि त्याने चित्रकलेच्या तासाला काय केले ते पाहावे. किल्ला, आकाशकंदील, हस्तलिखित, भित्तिपत्रक, गावाचा नकाशा, स्नेहसंमेलनाचा फलक, यांतल्या प्रत्येक वस्तूवर मुलाला काहीतरी लिहावे लागते. ते मोठ्या अक्षरात लिहावे लागते आणि चारचौघांत मांडावे लागते. वहीतली चूक गुरुजींपुरती राहते, पण भिंतीवरची चूक सगळे गाव वाचते.

'ळ' बसत नाही गुरुजी!

अक्षरलेखनापासून सुरुवात करू. महाराष्ट्र शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांमध्ये अक्षरलेखनाचा भाग असतो, हे पालकांपैकी अनेकांना आपल्या विद्यार्थिदशेतून आठवत असेल. काम साधे दिसते. पेन्सिलीने रेघा आखायच्या, त्यांत शब्द बसवायचा, रंग भरायचा. प्रत्यक्षात देवनागरी अक्षर आखणे हे रोमन अक्षर आखण्यापेक्षा जास्त खटाटोपाचे आहे. रोमन मोठ्या लिपीतले अक्षर दोन रेघांत बसते. आपल्या अक्षराला तीन मजले लागतात. मधल्या मजल्यात अक्षराचे अंग, शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार. वरची जागा आधी सोडली नाही तर 'की' ची वेलांटी कागदाबाहेर जाते. खालची सोडली नाही तर 'खानापूर' मधला दीर्घ ऊकार पुढच्या ओळीच्या डोक्यावर बसतो. एकदा असा कागद वाया गेला की ऱ्हस्व-दीर्घाचा धडा मुलाला पुन्हा शिकवावा लागत नाही.

सगळ्यांत जास्त छळतो तो 'ळ'. दोन गोल सारखे काढावेत, मधला सांधा जाड राहावा, वरचा देठ शिरोरेघेला नीट टेकावा. हे जमेपर्यंत खोडरबर झिजून जातो. "गुरुजी, ळ काय बसत न्हाई बघा," ही तक्रार कोणत्याही वर्गात ऐकू येते. हे अक्षर आपल्या जिल्ह्याच्या नावातच आहे, हा योगायोग मोठा सुरेख. मराठीत 'बेळगाव', कन्नडमध्ये 'बेळगावी'. २०१४ मध्ये शासनाने शहराचे नाव बदलले तेव्हाही 'ळ' होता तिथेच राहिला. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचा 'ळ' एकच. प्रमाण हिंदीत तो नाही, म्हणून हिंदी वर्तमानपत्रांत आपले गाव 'बेलगाम' होते. ज्या मुलाने 'ळ' चे दोन गोल घासून घासून जमवले, त्याला आपल्या भाषेचे शेजार कोणाशी आहे हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

'ल' आणि 'श' यांचीही हीच कथा. मराठी वळणाचा 'ल' निराळा आणि हिंदी वळणाचा निराळा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला व लिपीसंबंधी निर्णय काढून मराठीचे वळण ठरवून दिले. परंतु मुलांच्या डोळ्यांसमोर दिवसभर छापील जाहिराती आणि मोबाइलवरची अक्षरे असतात. तिथे हिंदी वळण सर्रास दिसते. मराठी वळणाचा 'श' हाताने आखण्याची जागा आता चित्रकलेच्या वहीखेरीज फारशी उरलेली नाही.

संगणक आल्यावर हाताने अक्षर काढण्याचे प्रयोजनच काय, असा प्रश्न काही पालक विचारतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की संगणकातली अक्षरेही कोणाच्या तरी हातातूनच उतरली आहेत. संगणकावर देवनागरी टंकित करताना वर्षानुवर्षे आपण ज्या 'मंगल' टंकात लिहीत आलो, तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरे पाहूनच प्रेक्षक नाटक ओळखत. यंत्र अक्षर छापते, त्याला वळण मात्र माणूसच देतो.

एकच प्रत, सगळे गाव वाचक

आता हस्तलिखिताकडे वळू. मराठी शाळेची ही जुनी आणि अस्सल परंपरा. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. छापखाना नाही, पैसा नाही, म्हणून काही अडत नाही. हवेत कोरे कागद, जाड पुठ्ठा, सुई-दोरा, खळ आणि सुवाच्य अक्षराची दोनचार मुले.

हस्तलिखित करताना वर्गाचे जे काही होते ते पाहण्यासारखे असते. संपादक कोण, यावरून पहिले भांडण. मुखपृष्ठ कोण काढणार, यावरून दुसरे. मग ज्याचे चित्र चांगले त्याचे अक्षर वाईट आणि ज्याचे अक्षर चांगले त्याला सुचत काही नाही, असा शोध लागतो. शेवटी जोड्या पडतात. एकाने सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने समास आखून नक्षी काढायची. एक शब्द चुकला तर सगळे पान नव्याने लिहावे लागते, म्हणून लिहिण्याआधी चारजण शब्दावर वाद घालतात. 'आशीर्वाद' मधली 'शी' पहिली की दुसरी, हा वाद व्याकरणाच्या तासाला कधीच एवढ्या तावातावाने होत नाही.

हस्तलिखिताची प्रत एकच असते. ही त्याची मर्यादा आणि तीच त्याची ताकद. प्रत एकच म्हणून ती फिरवावी लागते. ज्या शाळांत हे हौसेने चालते तिथे पद्धत अशी, की अंक एका रात्रीपुरता एका घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. शेवटची काही पाने अभिप्रायासाठी कोरी सोडलेली असतात. घरात आजी निरक्षर असेल तर नातीने वाचून दाखवायचे आणि आजीने सांगितलेला अभिप्राय नातीनेच लिहायचा. शाळेत कधी पाऊल न टाकलेल्या बाईचे बोलणे अशा रीतीने अक्षरात उतरते. असा अंक महिनाभरात जेवढ्या घरांत वाचला जातो, तेवढ्या घरांत कित्येक छापील दिवाळी अंकही पोचत नाहीत.

सीमाभागातील शाळांसाठी एक विषय आम्हाला फार मोलाचा वाटतो. तो म्हणजे वस्तूंचा सचित्र कोश. एका पानावर एक वस्तू काढायची आणि तिच्या प्रत्येक भागाचे नाव लिहायचे. नांगर काढला की ईस, रुमणे, फाळ. गुऱ्हाळ काढले की घाणा, काहील, चुलवण, ढेप. घरातले जाते, उखळ, सूप, रोवळी, शिंके. शेतावरचे इरले. चित्र काढता काढता मुलाला कळते, की वस्तू डोळ्यांना ओळखीची आहे, पण नाव माहीत नाही. मग ते आजोबांकडे जाते. आजोबा नाव सांगतात, शिवाय ती वस्तू कोणत्या लाकडाची करतात, कोणाकडून करून घेत, हेही सांगतात. ट्रॅक्टर आणि गिरणी आल्यावर या वस्तू माळ्यावर गेल्या, त्यांच्यामागून त्यांची नावेही चालली आहेत. सातवीच्या मुलाच्या वहीत ती उतरली तर आणखी एक पिढी तरतील.

या कोशात आणखी एक गंमत सापडते. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे आपण रोज बोलतो ते शब्द कन्नडशी नाते सांगणारे आहेत. शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलांनीही असाच कोश केला आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर राजकारणाने जे झाकून टाकले आहे ते मुलांना आपोआप दिसेल.

दगडमातीचे किल्ले

दिवाळीतला किल्ला हा आपल्या मुलांचा सगळ्यांत मोठा कलाप्रकल्प. तो कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, कोणी गुण देत नाही, तरी सहामाही परीक्षा संपायच्या आत गल्लीत दगड-विटा गोळा व्हायला लागतात. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरायचे, बुरूज लिंपायचे, तटबंदीला दात पाडायचे, उतारावर मोहरी किंवा अळीव पेरून झाडी उगवायची. राजाला सिंहासन, मावळ्यांना पहारे, पायथ्याशी गाव आणि विहीर. हे सारे मुले वडीलधाऱ्यांकडे बघून शिकलेली असतात.

किल्ला रायगडाचाच करावा असे मुलांना वाटणे साहजिक आहे. पण आपल्या पायाशी किती किल्ले आहेत! येळ्ळूरचा राजहंसगड बेळगावातून दिसतो. खानापूरच्या जंगलात भीमगड आहे. संकेश्वरजवळ वल्लभगड आहे. सरहद्द ओलांडून चंदगड तालुक्यात शिरले की पारगड, कलानिधीगड, महिपाळगड, गंधर्वगड अशी रांगच लागते. ज्या शाळा मुलांना आधी जवळच्या गडावर नेतात, तिथे पावले मोजून नकाशा काढायला लावतात आणि मग मातीत तो उभा करायला सांगतात, त्या शाळांचे किल्ले वेगळे ओळखू येतात. त्यांत दरवाजा योग्य दिशेला असतो आणि पाण्याचे टाके जागच्या जागी. शेजारी लावलेल्या पाटीवर गडाची माहिती मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली असते. चित्रकला, भूगोल, इतिहास आणि भाषा हे चार विषय एका ढिगाऱ्यात एकत्र येतात.

हे किल्ले पाहायला लोक गल्लीगल्लीतून हिंडतात. मुले आल्या-गेल्याला माहिती सांगतात. पोपटपंची असली तरी ती मराठीत असते आणि चार दिवसांत वीस वेळा सांगितल्यावर तिच्यातला पाठांतराचा सूर जातो. पुढे वैशाखात बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते. तिच्यातल्या सजीव देखाव्यांत उभी राहणारी पोरे बहुधा हीच, दिवाळीत चिखलात हात घालणारी.

मातीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. खानापूरची माती कुंभारकामासाठी आणि कौलांसाठी नावाजलेली. गोकाकची लाकडी फळे आणि खेळणी प्रसिद्ध आहेत. आंबोली घाट उतरला की सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा. हस्तकलेचे धडे घ्यायला आपल्या मुलांना दूर जायला नको. बाजारातून आणलेली थर्माकोलची तयार मंदिरे 'प्रकल्प' म्हणून शाळेत जमा करण्याची जी नवी चाल पडली आहे, तिच्यात पालकांचे पैसे जातात आणि मुलाचा हात कोराच राहतो.

परंपरा आहे, पण हात कमी पडतात

या मातीने चित्रकार दिले नाहीत असे नाही. के. बी. कुलकर्णी यांनी बेळगावात 'चित्रमंदिर' उभारून विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि २०२२ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी मराठी वाचकांच्या डोळ्यांना रंगांचे वळण लावले. गोव्याचे दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला आणि मराठी घराघरांत चित्र पोचवले. इंदूरला दत्तात्रय देवळालीकर यांच्या शाळेत ना. श्री. बेंद्रे शिकले आणि पुढे बडोद्याच्या कलाविद्यालयात त्यांनी नवे चित्रकार घडवले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलुखाने महाराष्ट्राला चित्रकार दिले आहेत, हे विसरून चालणार नाही. यातल्या प्रत्येकाच्या मागे त्याची रेघ ओळखणारा एखादा शिक्षक होता.

आज तो शिक्षक कोठे आहे? दुखणे नेमके इथे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. पण तो केव्हा? त्या वर्गांची पटसंख्या १०० च्या वर असेल तेव्हा. आपल्या खेड्यांतल्या किती मराठी शाळांत सहावीपासूनच्या वर्गांत मिळून शंभर मुले आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते मोजून पाहावे. पट घटला की निदेशक नाही. निदेशक नाही म्हणून शाळेत चित्र नाही, गाणे नाही, हस्तलिखित नाही. आणि शाळेत 'काही चालत नाही' म्हणून पालक मुलाला गाडीत बसवून इंग्रजी शाळेत धाडतात. पट आणखी घटतो. विहिरीचे पाणी आटले म्हणून कोणी रहाट काढून नेला आणि मग पाणी का येत नाही असे विचारत बसला, तशातली ही गत.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपण अगदीच निराधार नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय व्हावी, असे ते सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. हे सारे आनंदाचेच. पण त्याच वर्षी कर्नाटकात फलकांवरची ६० टक्के जागा कन्नडसाठी राखण्याची कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा मराठी फलक हटवला गेला, तेव्हाचे दिवस कोणी विसरलेले नाही. कन्नड शिकण्याला आमचा कधीच विरोध नव्हता आणि नाही. ज्या राज्यात राहतो त्याची भाषा यायलाच हवी. प्रश्न एवढाच, की आमच्या मुलाला देवनागरी अक्षर मोठे लिहिलेले कोठे दिसणार? रस्त्यावर ते आक्रसत चालले असेल, तर शाळेच्या भिंतीवर ते वाढले पाहिजे. त्या भिंतीवर कोणाचे बंधन नाही.

गावाने करण्यासारखे

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. गावातल्या चांगल्या अक्षराच्या माणसाला आठवड्यातून एक तास शाळेत बोलवावे. बहुतेक गावांत फलक रंगवणारा एखादा पेंटर असतो. डिजिटल फलक आल्यापासून त्याच्या हाताला काम कमी आहे. ब्रश धरून एका झटक्यात शिरोरेघ ओढणारा तो माणूस मुलांपुढे उभा राहिला, तर कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवून जाईल. त्याला मानधन द्यावे. गणेशोत्सव मंडळाने मंडपाच्या खर्चातून तेवढे बाजूला काढले तरी वर्ष निघेल.

दुसरे, मुलांचे काम शाळेच्या कपाटात कोंडू नये. गावच्या देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीची भिंत, दूधसंस्थेचा ओटा या जागा रोज माणसांनी भरलेल्या असतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो. त्या दिवशी भाषणे कमी करून मुलांची चित्रे, अक्षरे आणि हस्तलिखिते तिथे मांडावीत. प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव स्वतःच्या अक्षरात असावे. आपल्या नावापुढे गाव थांबले हे ज्याने एकदा पाहिले, ते पोर त्या भाषेला सहसा पाठ फिरवत नाही.

तिसरे, शाळाशाळांनी आपली हस्तलिखिते एकमेकांना पाठवावीत. येळ्ळूरचा अंक जांबोटीला जाऊ द्या, निपाणीचा खानापूरला. पानांची छायाचित्रे काढून मोबाइलवरून धाडली तर गोव्यातल्या किंवा बडोद्यातल्या मराठी शाळेपर्यंतही ती पोचतील. तिकडच्या मुलांनी आपल्या वस्तूंची नावे उलट पाठवावीत. त्याचबरोबर एखादे प्रदर्शन शेजारच्या कन्नड शाळेबरोबर भरवावे. चित्र पाहायला भाषांतर लागत नाही.

आणि शेवटी पालकांना एक विनंती. मूल शाळेतून रंगाने माखलेले हात घेऊन आले तर "अभ्यास सोडून हे काय धंदे?" असे म्हणू नका. त्या हातांनी काय लिहिले ते विचारा. भाषा टिकवण्याची लढाई न्यायालयात ज्यांनी लढायची ते लढतीलच, आणि ती लढली गेलीच पाहिजे. परंतु निकाल जेव्हा लागायचा तेव्हा लागो, त्या दिवशी मराठीत 'बेळगाव' हे नाव मोठ्या, रेखीव अक्षरात लिहू शकणारी मुले या भागात असली पाहिजेत. ती आज सहावी-सातवीत आहेत. त्यांच्या वेळापत्रकातला तो एक तास आपण सर्वांनी मिळून राखू या.